सात नंबरचे चाळीस फॉर्म

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं गाव वाळूज एमआयडीसीला लागून आहे. नाव छापू नका. वडिलांची नऊ एकर जमीन एमआयडीसीत गेली. मिळालेले पैसे आणि वरून कर्ज काढून मी चौदा खोल्या बांधल्या. पाच खोल्यांत बिहार-यूपीची माणसं आहेत, बाकीच्यांत परभणी, हिंगोली, बुलडाण्याची. भाडं वेळेवर येतं, माझी त्यांच्याबद्दल घरगुती तक्रार काही नाही.

पण गाव हातातून चाललंय. बाजारात भाजीवालीसुद्धा हिंदीत बोलते. छठला पाझर तलावावर रात्रभर डीजे वाजला. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. गेल्या ग्रामपंचायतीला आमचं पॅनल पडलं, मी स्वतः एकोणीस मतांनी पडलो. त्यांचा एक लेबर गुत्तेदार आहे, तो सांगेल तिकडं त्यांची सगळी मतं जातात. माझा मुलगा आयटीआय करून बसलाय, चोवीस वर्षांचा झाला. कंपनीच्या गेटवर ‘लोकल नको’ म्हणतात. तो म्हणतो, यांना हाकललंच पाहिजे.

पॅनलप्रमुखांनी मला यादीतून नाव वगळण्याचे, सात नंबरचे, चाळीस फॉर्म भरून दिलेत. फक्त माझी सही बाकी आहे. त्यात अकरा नावं माझ्याच खोल्यांतली आहेत. कारण लिहिलंय, ‘पत्त्यावर राहत नाही’. प्रमुख म्हणतात, पंधरा वर्षं राहिल्याशिवाय मताचा हक्कच नसतो. मी कुणालाच भाडेकरार दिलेला नाही, दिला तर डोक्यावर बसतील म्हणून. दोघांची नावं मात्र बिहारातल्या यादीतही आहेत, हे मला पक्कं माहीत आहे.

माझे वडील परभणीच्या मजुरांनाही बाहेरचे म्हणायचे. आज त्यांच्यातलेच दोघं आमच्या पॅनलमध्ये आहेत, हेही खरं. चार नंबरच्या खोलीतल्या बिहारी पोरीनं परवा शाळेत मराठीत भाषण केलं. माझी नात मात्र तिच्याशी हिंदीतच बोलते. सही करू का नको, एवढं सांगा.

– एक गावकरी

भाऊ,

सही करू नका. शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण फॉर्म तुमच्या घरात पडलेत आणि प्रमुख ते न्यायला कधीही येतील.

कागदावर लिहिलंय ‘पत्त्यावर राहत नाही’, आणि ती अकरा माणसं दर महिन्याला तुमच्याच हातात भाडं ठेवतात. ते खोटं आहे हे गावात सगळ्यांत आधी तुम्हालाच ठाऊक आहे. मतदार यादीच्या कामात जाणूनबुजून खोटं लिहून देणं हा १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३१व्या कलमाखाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ज्यांनी फॉर्म भरले त्यांचं नाव त्यावर कुठंच नसेल, तुमचं चाळीस वेळा असेल.

पंधरा वर्षांची गोष्टही चुकीची आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं ते अधिवासाचा, म्हणजे डोमिसाईलचा दाखला काढायला. मतदार व्हायला माणूस भारताचा नागरिक हवा, अठरा वर्षांचा हवा आणि त्या पत्त्यावर नेहमी राहणारा हवा. खोली स्वतःची का भाड्याची, हे कायदा विचारत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच उतरते, त्यामुळं तिथं निराळा नियम नाही.

पण तो पंधराचा आकडा वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले. आपल्या भागात तो फार जुना आहे. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’, म्हणजे इथला, आणि ‘गैरमुल्की’, म्हणजे बाहेरचा, असा भेद होता. कारभारासाठी उत्तरेकडची शिकलेली माणसं हैदराबादेत आणली जायची, वरच्या जागा त्यांना मिळायच्या आणि इथली माणसं चिडायची. १९१९ साली नियम पक्के झाले. सरकारी नोकरी मुल्क्याला, आणि बाहेरचा माणूस वास्तव्यानं मुल्की ठरायचा तर पंधरा वर्षं इथं काढलेली हवीत. हैदराबाद संस्थान गेलं तरी हे भांडण गेलं नाही. १९५२ साली हैदराबाद आणि वरंगळकडं गैरमुल्क्यांविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाले, पोरं गेली.

नियम कागदावर इथल्या माणसाच्या बाजूचा होता. माझे आजोबा केजच्या बाजूचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, म्हणजे अस्सल मुल्की. त्यांना त्यातून काय मिळालं? शाळा उर्दू, कचेरी उर्दू, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. आमच्या ट्रंकेत त्या काळातला जमिनीचा एक कागद आहे. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. शेवटी अंबाजोगाईच्या एका वयस्कर मौलवीसाहेबांनी तो मला वाचून दाखवला, तेव्हा कळलं की तो आमच्याच विहिरीचा आहे. त्यांनी पैसे घेतले नाहीत. वर विचारलं, विहिरीला पाणी आहे का अजून?

मराठवाड्यात मराठीला ज्यानं मागं ढकललं तो शेजारचा बागवान नव्हता, दख्खनी बोलणारा विणकर नव्हता. त्यांची बोली आपल्या बोलीत मिसळली आणि आपली त्यांच्यात. शाळा आणि कचेरी राज्यकर्त्यानं दुसऱ्या भाषेला दिली, तिथं आपली भाषा हरली. वारीत, कीर्तनात, जात्यावर ती टिकली कारण तिथं ती आपण बोलत होतो. त्यामुळं भाषेची भीती वाटली की मी आधी सरकारच्या कागदाकडं बघते, भाडेकरूच्या तोंडाकडं नंतर. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणायचे शासन निर्णय निघाले, लोक उठले, आणि जूनच्या शेवटी ते मागं घ्यावे लागले. तिथं उठणं बरोबरच होतं. २०२०च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. वाळूजच्या आसपासच्या इंग्रजी शाळांत ती खरोखर शिकवली जाते का, हे बघायला तुमच्या पॅनलमधलं कुणी गेलं होतं का? गेलं नसेल तर जा. मराठीची काळजी असलेल्या माणसानं करायचं ते काम आहे.

बाजाराचंही तसंच. भाजीवाली बहुतेक गंगापूर-पैठणकडचीच असेल. ती हिंदीत बोलते कारण गिऱ्हाईक दिसलं की आपणच ‘कैसे दिया’ म्हणून सुरुवात करतो. समोरचा माणूस बाहेरचा वाटला की आपण आपली भाषा खिशात घालतो आणि मग त्याला मराठी येत नाही म्हणून चिडतो. तुमच्या नातीची चूक नाही. घरातली मोठी माणसं खोल्यांवर जाऊन हिंदीत भाडं मागतात, ती ते ऐकत वाढली. बिहारची ती पोरगी मराठी शिकली, पाठ केली, शाळेत उभी राहून बोलली, आणि घरी आल्यावर मराठी घरातल्या मैत्रिणीनं तिला हिंदीत हाक मारली. मला तुमच्या पत्रातली ही ओळ सगळ्यांत जास्त लागली. आजपासून तुम्ही खोल्यांवर मराठीतच बोला. सावकाश बोला, पुन्हा बोला, हसू नका. चार-सहा महिन्यांत कामापुरती येते, कारण दवाखाना, दुकान, शाळा सगळीकडं तिची गरज पडते.

आणि मोबाइलवर कुणी ‘महाराष्ट्रात हिंदीवाले एवढे झाले’ असे आकडे पाठवले तर एक ध्यानात ठेवा. २०११च्या जनगणनेत राज्यातल्या ११ कोटी २४ लाख लोकांपैकी ७ कोटी ७४ लाखांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, शंभरात सुमारे एकोणसत्तर. हिंदीच्या खात्यात तेराच्या आसपास आहेत, पण आपल्या तांड्यावरची लमाणी, बंजारी बोलीसुद्धा जनगणना हिंदीतच धरते. आपल्या तांड्यावरचा माणूस त्या आकड्यात बाहेरचा म्हणून मोजला जातो.

आता राजकारण. गुत्तेदार सांगेल तिकडं मतं जातात, हे तुमचं म्हणणं मी खरं मानते. नवी माणसं आली की राजकारण बदलतंच. वार्डात कोण उभं राहणार, भाषण कुठल्या भाषेत होणार, कुणाच्या दारात आधी जायचं, सगळं बदलतं. ज्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या पाटीलकी करत आलं त्याला ते बोचणार. तुमचं दुःख मी हलकं धरत नाही. जमीन गेली, आता मानही जातोय असं वाटणं मला समजतं. पण ही एकगठ्ठा मतं बिहारीपणातून येतात असं मला वाटत नाही. माझ्या माहेरी मी हे जन्मापासून बघितलंय, आणि तिथं बिहारी एकही नाही.

केज, धारूर, वडवणीकडची गावं दिवाळी झाली की ओस पडतात, माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि ती फेडायला सहा महिने सांगली-कोल्हापूरला, नाहीतर पार कर्नाटकात, कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहायचं. उचल मुकादमाची, गाडी मुकादमाची, पोर आजारी पडलं तर दवाखान्याचे पैसे मुकादमाचे. मतदान आलं की टोळ्या परत आणायला गाड्या जातात, आणि गाडी कुणी पाठवली यावर मत कुठं जाणार ते पुष्कळदा ठरतं. त्यांना अक्कल नाही असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. त्यांना अक्कल आहे. ज्याच्या हातात पुढच्या वर्षीची उचल आहे त्याला नाही म्हणायचं बळ नाही.

आणि तिकडं काय होतं? ऊस ज्या गावात तोडतात तिथं आपली माणसं ‘बीडवाले’. ओढा घाण करतात, विहिरीवर गर्दी करतात, गावात काही चोरीला गेलं की पहिला संशय कोपीवर. वीस-वीस वर्षं त्याच गावात जाऊनही तिथल्या कुणाला त्यांचं पूर्ण नाव माहीत नसतं. माझ्या चुलत बहिणीची लेक चौथीनंतर शाळेत गेली नाही. हंगामात ती कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायची. हुशार होती. तुमच्या चार नंबरच्या खोलीतल्या पोरीबद्दल वाचताना मला तीच दिसत होती. या पोरीला निदान शाळा तरी मिळाली, आणि ती तुमच्या गावानं दिली. याचा तुम्ही अभिमान बाळगा, भाऊ, मनापासून सांगते.

तुमच्या गावातला गुत्तेदार म्हणजे त्या लोकांचा मुकादम. काम त्याच्या हातात, गावाकडं पैसे पाठवायचे ते त्याच्या ओळखीनं, पोलीस पाटलाकडं शब्द टाकायचा तो त्यानंच. त्यांच्या हातात एकही स्वतःचा कागद नाही, आणि तो न देणाऱ्यांत तुम्हीही आहात. हे तुम्हाला कडू लागेल. करार दिला तर डोक्यावर बसतील असं तुम्हाला वाटतं, पण करार नसल्यामुळं ते गुत्तेदाराच्या पायाशी बसलेत आणि तो तुमच्या डोक्यावर. अकरा महिन्यांचा लेखी करार करा. त्यात भाडं, अनामत, खोली कधी सोडायची, सगळं येतं. उद्या वाद झाला तर तो कागद तुमच्याही कामाचा. त्याच पत्त्यावर त्यांचं बँकेचं खातं निघेल, गॅस मिळेल. रेशन तर आता गावाकडच्या कार्डावरही इथं उचलता येतं, पण पुष्कळांना ते माहीतच नसतं, तेवढं सांगा. पुढच्या निवडणुकीत ती माणसं तुम्हालाच मत देतील असं वचन मी देत नाही. पण तुम्ही दारात उभे राहिलात तर तुमचं ऐकून घेतील, आणि गेल्या वेळी तुम्ही त्या दारात गेला होतात का, हे तुमच्या पत्रात कुठं नाही. एकोणीस मतं म्हणजे तुमच्याच खोल्यांतली चार-पाच कुटुंबं.

गावचा माणूस कोण, याचा विचार मी वर्षं मोजून करू शकत नाही. तुमच्या गावातही १७ सप्टेंबरला झेंडा लागतो. निजामाच्या राज्यातून सुटायच्या त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ जन्मानं विजापूरकडच्या सिंदगीचे. शिक्षक म्हणून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, मग अंबाजोगाईला. गोविंदभाई श्रॉफ गुजराती घरातले, आणि मराठवाड्याच्या रेल्वेसाठी, पाण्यासाठी, विद्यापीठासाठी ते जन्मभर भांडले. त्यांना आपण आपलं म्हणतो कारण ते इथल्या दुखण्यात पडले. तुमचा भाडेकरू स्वामीजी नाही, हे मलाही कळतं. बारा तास पत्रे कापून आलेला माणूस गावासाठी काय करणार? पण गावच्या दुखण्यात पडायला त्याला कुणी बोलवावं तरी लागतं. गावच्या यादीतला प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सदस्य असतो. तुमच्या ग्रामसभेला खोल्यांवरचा एक तरी माणूस येतो का? पाण्याचा ठराव असेल तेव्हा बोलवा. आठ दिवस पाणी नसतं ते त्यालाही नसतं.

पाण्याचं बोलतेच आहे तर हे सांगून टाकते, कारण माझ्या मते तुमच्या गावाची खरी अडचण इथं आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. गावोगावचा निधी, योजना, टाक्या यांचा हिशेब अजून २०११च्या लोकसंख्येवर चालतो. औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावात तेव्हापासून किती खोल्या वाढल्या, हे तुम्ही स्वतः बांधलेल्या मोजून बघा. वापरणारी माणसं आजची आणि पैसा पंधरा वर्षांपूर्वीच्या माणसांचा, म्हणून नळ कोरडा राहतो. पुढची जनगणना २०२७ची आहे. मोजणारे येतील तेव्हा खोल्यांचे मालकच पुष्कळदा ‘इथं कुणी नाही, दोन-चार पोरं आहेत’ म्हणून वाटेला लावतात. घरपट्टी वाढेल अशी धास्ती असते. असं करू नका. तुमच्या चौदा खोल्यांतलं एकेक माणूस, तान्हं पोरसुद्धा, मोजून घ्या, आणि बाकीच्या खोलीमालकांनाही सांगा. यादीतून चाळीस नावं कापण्यासाठी पॅनल जेवढं फिरलं असेल तेवढंच या कामासाठी फिरलं, तर गावाला पाण्याचे पैसे मिळतील. त्याच्याबरोबर खोलीमागं नळपट्टी आणि साफसफाईचा कर वसूल करा, त्यांच्याकडून घ्या, पावती द्या. गावात राहणाऱ्यानं गावाचा खर्च उचलावा, मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्त आहे. मोकळेपणानं बोलून दाखवा.

मुलाचं. त्याचा राग मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतो, आणि तो चुकीच्या दारावर धडका देतोय म्हणून जास्तच. गेटवर ‘लोकल नको’ का म्हणतात, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं. इथल्या पोराचं घर जवळ असतं. पेरणीला सुट्टी मागतो, मयतीला जातो, आजारी पडला तर घरी झोपतो, जास्तीचं काम फुकट करायला सांगितलं तर चार नातेवाईक घेऊन येतो. बाहेरचा पोरगा खोलीवर एकटा. त्याला जायला दुसरी जागा नसते, म्हणून तो बारा तास उभा राहतो, पगारातून गुत्तेदार कापतो तेही सहन करतो. कंपनीला तो बिहारी म्हणून हवा असतो असं नाही. त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून हवा असतो. त्याचं किमान वेतन, त्याचा जास्तीच्या तासांचा दुप्पट पैसा, त्याचा भविष्य निर्वाह निधी नीट मिळायला लागला, तर तो स्वस्त राहणार नाही, आणि मग गेटवर तुमच्या मुलाला नको म्हणायचं कारण उरणार नाही. ज्या कारखान्यांनी सरकारी सवलती घेतल्या त्यांनी ऐंशी टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असं राज्याचं धोरण फार वर्षांपासून आहे. तुमच्या भागातल्या कोणत्या कारखान्यानं ते किती पाळलं, हे जिल्हा उद्योग केंद्राकडं माहितीच्या अधिकारात मुलाला मागू द्या. अर्ज त्यानंच लिहू दे, मराठीत. आयटीआय झालेल्या पोराच्या रागाला हाताला धरता येईल असं काम हवं असतं.

त्याला माझी एक गोष्टही सांगा. मी शिकायला पुण्यातल्या एका वसतिगृहात होते. ‘हो’च्या जागी ‘हौ’ म्हणायचे, आणि म्हटलं की जेवणाच्या ओळीतल्या मुली हसायच्या. एकीनं विचारलं होतं, तुमच्याकडं आंघोळ रोज करता का, दुष्काळ असतो ना? मराठीच माणसं, मराठीच भाषा, तरी मी तिथं बाहेरची. तीन महिने मी जेवताना बोलले नाही. आपला मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. विनाअट आलो हे आपण अभिमानानं सांगतो. म्हणजे या राज्यात आपणही मागून आलेलेच. आज पुण्यातल्या खोल्यांत, डिलिव्हरीच्या गाड्यांवर, अभ्यासिकांत मराठवाड्याची किती पोरं आहेत, बघा. उद्या तुमचाही मुलगा तिथं असेल, आणि तिथला कुणी तरुण आपल्या बापाला म्हणत असेल, यांना हाकललंच पाहिजे.

छठचं फार ताणू नका. डीजे रात्री दहानंतर बंद, हा नियम आहे, तो आपल्या गणपतीलाही आहे, फार तर ठरलेल्या काही दिवशी बारापर्यंत सूट मिळते. दिवाळीच्या आधी त्यांच्या चार बायकांना बोलवा, कारण तो उपास आणि ती पूजा मुख्यतः बायकांची असते. डीजे पोरांचा असतो, बायकांनाही तो नको असतो. घाट कुणी झाडायचा, निर्माल्य कुठं टाकायचं ते तिथंच ठरवा. माझ्या सासरी, लातूरकडं, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, अख्खं शहर रिकामं होतं. शेतात कोपी करून पूजा, अंबील, भज्जी, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. हा सण कर्नाटकाच्या सोबतीनं आपल्याकडं रुजला, नावसुद्धा तिकडचंच. बीडमधून लग्न होऊन गेले तेव्हा मला तो माहीत नव्हता. आता मार्गशीर्षाची अवस आली आणि रानात गेले नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

राहिले ते दोघं, ज्यांची नावं दोन्हीकडं आहेत. हे मात्र चालायचं नाही. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं. पण त्यांच्यावर सात नंबरचा फॉर्म टाकण्याआधी त्यांना घरी बोलवा, चहा द्या आणि विचारा: तुम्हाला मत कुठं द्यायचंय? गावी द्यायचं असेल तर इथलं नाव त्यांनी स्वतः काढून घ्यावं. इथं द्यायचं असेल तर गावाकडचं काढावं. बीएलओ, म्हणजे गावातल्या मतदार यादीचं काम बघणारे, तुमच्या ओळखीचे असतील, त्यांच्यासमोर हे करून घ्या. ऐकलंच नाही, तर त्या दोघांपुरता खरा अर्ज खऱ्या कारणासह तुम्ही जरूर द्या. त्यावर सही करताना तुमचा हात कापणार नाही.

हे चाळीसही फॉर्म सही न करताच परत करा. फाडू नका, जाळू नका, त्यावरून उद्या वेगळंच काहीतरी उठेल. प्रमुखांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात द्या आणि सांगा, यातली अकरा माणसं माझ्या खोल्यांत राहतात, बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी सही करणार नाही. ते चिडतील. पॅनलमधून काढायची भाषाही करतील. तुमच्या वडिलांनी ज्यांना बाहेरचे म्हटलं ते परभणीचे दोघं त्या वेळी तिथं असतील तर बरं होईल. त्यांना हे फॉर्म बघून काय वाटलं, ते तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. आणि एकटे जाऊ नका. मुलाला सोबत न्या.

– तुमची ताई